स्वप्नलोकमध्ये रूम मिळत नाही

हॉटेलात किस्से साठत नाहीत, असं माझं मत आहे. माणूस येतो, दोन दिवस राहतो आणि आपला किस्सा बॅगेत भरून निघून जातो. पण तुम्ही हॉटेलात कायमचेच राहायला गेलात तर ते किस्से जाणार कुठे? ते तिथेच राहतात, घरातल्या जुन्या पिशव्यांसारखे. एक काढायला जावं तर चार खाली पडतात! आता ग्रुपमध्ये मी नुसतं "काल आमच्या बिल्डिंगमध्ये" एवढं म्हटलं तरी मैत्रिणी ओरडतात, "थांब, आधी चहा सांगू दे!"

तर आम्ही बोईसरला राहतो. हॉटेल स्वप्नलोकमध्ये. म्हणजे आता ते हॉटेल नाही. इकडे कारखाने नवेनवे उभे राहत होते त्या काळात ते बांधलं, आणि त्यात चक्क लिफ्ट होती, असं इथली मोठी माणसं छाती फुगवून सांगतात. पुढे ते बंद पडलं. एका बिल्डरने घेतलं, दोन-दोन खोल्यांमधली भिंत फोडून त्यांचा एकेक फ्लॅट केला आणि विकून मोकळा झाला. बाकी काही म्हणजे काही बदललं नाही. दारं तीच, दारांवरचे पितळी नंबर तेच, खाली रिसेप्शनचा काउंटर तोच आणि गच्चीवरचा भलामोठा बोर्डही तोच.

बाबा एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर आहेत. आम्ही मूळचे जळगावकडचे. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून कंटाळलो आणि हा फ्लॅट घेतला. आमचा नंबर २०४. तसा २०५सुद्धा आमचाच, पण ते आमचं स्वयंपाकघर आहे. आई जेव्हा ओरडते, "मंजू, दोनशे पाचमधून मीठ आण," तेव्हा नवीन पाहुणे एकमेकांकडे बघतात.

*

पहिला त्रास म्हणजे लोक रूम मागायला येतात.

मोबाइलच्या नकाशावर आम्ही अजून हॉटेलच आहोत. मी कितीदा तक्रार टाकली, काही फरक नाही. एका दुपारी बेल वाजली. दारात सुरतेचा एक माणूस, हातात बॅग, घामाघूम. आई पोळ्या लाटत होती, तशीच लाटणं घेऊन बाहेर आली.

"रूम मिलेगा?"

"नहीं मिलेगा. ये घर है."

"हां हां, घर जैसा ही चाहिए!"

"घर जैसा नहीं, घर ही है!"

तो आनंदाने म्हणाला, "खाना भी है क्या?" पोळीचा वास दारापर्यंत आला होता. आई लाटणं उगारून असं काही बोलली की तो बॅग घेऊन जिन्यावरून खाली पळाला.

दोन दिवसांनी मी नकाशा उघडला तर आमच्या नावाखाली नवीन अभिप्राय! "जगह अच्छी है. खाने की खुशबू बढ़िया. आंटी बहुत गुस्सेवाली." आणि एक स्टार.

मी हसून हसून लोळले. आई मात्र आठवडाभर गप्प गप्प. मला वाटलं, लोक दारात येतात म्हणून वैतागली असेल. शेवटी भाजी चिरता चिरता म्हणाली, "एवढा वास आवडला होता तर निदान तीन तरी द्यायचे."

*

सगळी दारं सारखी. सगळ्या खोल्या सारख्या. फरशी सारखी, भिंतीतली कपाटं सारखी, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकीसुद्धा सारखीच. त्यामुळे इथे माणूस हरवायला वेळ लागत नाही.

आमचे चेअरमन सावे काका. मूळ गाव इकडेच किनाऱ्याला, सगळी नोकरी पॉवर प्लांटमध्ये, आता रिटायर. ते ३०४ मध्ये, म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. एका सकाळी ते फिरून आले आणि एक मजला चढायचा विसरून सरळ आमच्या घरात शिरले. चपला काढल्या, सोफ्यावर बसले, आमचा पेपर उघडला आणि पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "च्या आन गो."

आईने चहा दिला. त्यांनी प्यायला. मग खारी मागितली. आईने खारी दिली. मी दात घासत बाहेर आले तर हे आमच्या सोफ्यावर मांडी घालून!

मी आईला आत ओढलं. "अगं, ते चुकून आलेत!"

"माहितेय मला."

"मग सांग ना!"

"असं कसं सांगू? चेअरमन आहेत."

हे बघा, मोठ्या माणसांचं हे असं असतं. चूक दिसते, पण तोंड उघडायचं नाही! शेवटी काकांनी पेपर घडी करून ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि आईवरच खेकसले, "अगो, टीव्ही कुटं हलवलास?"

*

खाली काउंटरवर राव अंकल बसतात. ते या हॉटेलचे मॅनेजर होते. हॉटेल बंद झालं, मालक गेला, वेटर गेले, राव अंकल गेले नाहीत. काउंटरमागच्या खोलीत राहतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि कोणी आत आलं की अर्धवट उठून "वेलकम!"

त्यांच्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडलीय. बाहेर जाताना घराची चावी काउंटरवर द्यायची, आल्यावर घ्यायची. चाव्याही जुन्याच, पेरूएवढ्या पितळी गोळ्याला लटकवलेल्या. पर्समध्ये मावतच नाहीत. त्यामुळे सगळी बिल्डिंग मुकाट्याने चाव्या देते.

मी कॉलेजात शिकलेली मुलगी, मला राहवेना. मी विचारलं, "अंकल, माझी चावी तुम्ही कोणालाही देता का?"

ते दुखावले. "क्या बात करते बेटा? कोणालाही नाय देत मी. जो रूम नंबर बरोबर सांगेल, त्यालाच!"

*

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकदा ठराव मांडला की गच्चीवरचा 'हॉटेल स्वप्नलोक' हा बोर्ड काढून टाका. सगळे असे बघायला लागले जसं मी कोणाच्या तरी आजोबांनाच काढून टाका म्हटलं.

सावे काका म्हणाले, "पोरी, ह्यो वारसा हाय. इतिहास हाय."

"काका, इतिहास म्हणजे किल्ले. हा लॉज आहे."

"लॉज नाय गो! हॉटेल! लिफ्ट व्हती!"

"होती ना? मग आता कुठे आहे?"

लिफ्ट आहे. तळमजल्यावर कायमची अडकलेली आहे. तिच्यात सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवतात. काका मोठ्या आवाजात म्हणाले, "म्हंजे खुर्च्यांना तरी लिफ्ट हाय ना?"

टाळ्या पडल्या! ठराव फेटाळला. मला अजून कळलेलं नाही की नेमका मुद्दा काय होता.

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर अश्विनीताईचं लग्न निघालं.

अश्विनीताई माझी मोठी बहीण. एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. तिथलाच निलेश. सातपाटीचा, घरची बोट, वडील आणि काका समुद्रावर. दोघांचं बरेच दिवस चाललेलं. आमच्या घरी कळल्यावर बाबा दोन दिवस भिंतीकडे बघत बसले, मग हो म्हणाले. तिकडून निलेशच्या आईने बाबांना फोन केला. फोन स्पीकरवर होता. सगळं छान चाललं होतं. मासे खाता का, खातो, बरं झालं, वगैरे.

मग तिने विचारलं, "तुमचा पत्ता काय?"

आणि माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी कुठल्याही प्रश्नाचं थोडक्यात उत्तर दिलं नाही, ते एका दमात म्हणाले, "हॉटेल स्वप्नलोक, रूम नंबर दोनशे चार!"

तिकडून आवाज चढला.

"तुमी हॉटेलात ऱ्हाता?"

"म्हणजे आता हॉटेल नाही. आधी होतं. पण आता रूममध्ये आम्हीच."

फोन कट.

संध्याकाळी निलेशचा ताईला फोन. आई म्हणते, लॉजमदली पोरगी आपल्या घरात नको. सातपाटीत लोक काय म्हणतील? ताई गॅलरीत जाऊन रडली. मी म्हटलं, "निलेशला सांग ना, तुला करायचंय लग्न की आईला?" ताई म्हणाली, "तो आईच्या शब्दाबाहेर नाही जाणार." यावर माझं जे मत आहे ते मी इथे लिहीत नाही, कारण तो आता माझा जिजाजी आहे.

पण निलेशने एक केलं. आईला कसंबसं पटवलं की एकदा डोळ्यांनी घर बघ, मग काय ते बोल. रविवार ठरला. तिला पसंत पडलं तर लग्न, नाही तर विषय संपला. ताईने जेवण सोडलं. आणि आमच्या मोठ्या माणसांनी मीटिंग बोलावली!

*

मीटिंगमध्ये ठरलं की रविवारपुरतं हॉटेल लपवायचं.

मी म्हटलं, "कशाला? सरळ सांगा ना, हॉटेल होतं, आता घर आहे. यात लाज कसली?"

"तू गप बस," बाबा म्हणाले.

"ल्हान हाय अजून," सावे काका म्हणाले.

वर्षभर ज्यांना तो बोर्ड वारसा वाटत होता, तेच आता तो झाकायला निघाले! बोर्डवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. एक जाडा माणूस, गॉगल घालून, हात जोडून. तो कोण ते कोणालाच माहीत नाही. काउंटरवर चादर टाकून वर तुळशीची कुंडी ठेवली. राव अंकलना सांगितलं, खोलीतून बाहेर यायचं नाही. आणि सगळ्या दारांवरचे पितळी नंबर स्क्रू ड्रायव्हरने काढून ठेवले. सोसायटीच्या कुठल्याही कामात इतकी एकी मी पाहिली नव्हती. ताईवर सगळ्यांचा जीव आहे, ते खरं.

फक्त नंबर गेल्यावर काय होईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी दूधवाल्याने सगळं दूध जिन्यात ठेवलं आणि तो निघून गेला. पहिल्या मजल्यावरच्या काकू भलत्याच स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिथल्या कुकरचा गॅस आपला समजून बंद करून आल्या. कुरिअरवाला तर प्रत्येक मजल्यावर उभा राहून नुसता "भाईसाब! भाईसाब!" ओरडत होता. सावे काका आमच्याकडे येऊन बसले. आईने न विचारता चहा दिला.

आणि पाहुण्यांचा पत्ता नाही!

बाबांनी निलेशला बजावलं होतं की रिक्षावाल्याला हॉटेल म्हणून सांगायचं नाही, 'स्वप्नलोक सोसायटी' म्हणायचं. बोईसरमध्ये अशी सोसायटी कोणाला माहीतच नाही. रिक्षावाल्याने त्यांना सगळं गाव फिरवलं. ताईचा फोन सारखा वाजत होता. ताई साडी सावरत, डोळे पुसत, "डावीकडे वळा, नाही, ती डावी नाही!" शेवटी मी चपला घातल्या आणि नाक्यावर गेले.

रिक्षात निलेश, त्याचे वडील आणि आई. आई म्हणजे नुसती करारी बाई. जरीच्या काठाचं लुगडं, ठसठशीत कुंकू, गळ्यात सोनं, मांडीवर पापलेटांचा डबा. मी नमस्कार केला. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चल रं."

आम्ही पोचलो. फ्लेक्सवरचा जाडा माणूस हात जोडून उभा होता. निलेशच्या वडलांनी त्यालाही नमस्कार केला. त्यांना वाटलं, तो आमच्यातलाच कोणी असावा.

आत पाऊल टाकलं आणि राव अंकल बाहेर! इतकी वर्षांची सवय, पावलांचा आवाज ऐकून माणूस काय करणार? तुळशीच्या कुंडीमागून अर्धवट उठले आणि म्हणाले, "वेलकम सर! लगेज?"

बाबा जिन्यात उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आलं आणि रडूही आलं.

निलेशचे वडील म्हणाले, "ह्ये कोण?"

बाबा म्हणाले, "हे… आमचे शेजारी. ते जरा… प्रेमळ आहेत."

निलेशच्या आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती जिना चढायला लागली. ती माझ्याही पुढे होती.

*

आता खरा किस्सा.

घरात सगळे बसले. सावे काका अजून सोफ्यावरच होते. ते उठायला तयार नव्हते, कारण त्यांच्या मते पाहुणे त्यांच्याकडे आले होते. आईने पोहे दिले. ताई चहा घेऊन आली. पहिला कप सावे काकांनीच उचलला.

निलेशच्या आईने विचारलं, "बोंबील साफ करता येतात काय?"

ताई म्हणाली, "नाही येत. पण शिकेन."

"खरं सांगतीस, बरं हाय," ती म्हणाली. मला जरा आशा वाटली. तेवढ्यात तिने भिंतींकडे बघितलं, छताकडे बघितलं, सरळ बाबांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "पन मना घराचं समजत नाय. ह्ये घर हाय का लॉज? खरं बोला."

ताईने निलेशकडे बघितलं. निलेश पोह्यांकडे बघत होता. मला वाटलं, आता मीच बोलते! मी तोंड उघडलंही, तर निलेशचे वडील उठले. फिरून फिरून बिचाऱ्यांची वेळ झाली होती.

"बाथरूम कुटं?"

बाबांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी दार दाखवलं. ते आत गेले. आतून भिंतीवर हात थोपटल्याचा आवाज. मग दार उघडून डोकं बाहेर.

"लाईट कुटं हाय? आत तं काळोख!"

आई-बाबांनी एकमेकांकडे बघितलं. आता गोम अशी आहे की आमच्या बाथरूमचं बटण बाथरूममध्ये नाही. बाहेरही नाही. ते खोलीतल्या कपाटाच्या आत आहे! हॉटेल बांधताना कोणी कसं वायरिंग केलं देवाला ठाऊक. कपाटाचं डावं दार उघडायचं, हँगरचे कपडे बाजूला सारायचे, मागे फळीच्या खाली हात घालायचा, तिथे ते बटण. आम्हालाच राहायला आल्यावर चार दिवस सापडलं नव्हतं. शेवटी राव अंकलनी येऊन दाखवलं होतं. आणि ते बटण तिथे का, हे सांगायचं म्हणजे हॉटेल सांगणं आलं.

"त्याचं असं आहे…" बाबा म्हणाले.

"म्हणजे काय झालं की…" आई म्हणाली.

"माझ्याकडं बी तसंच हाय," सावे काका म्हणाले.

निलेशचे वडील दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर. "अवो, कोनीतरी सांगा!"

तेव्हा निलेशची आई उठली. पोह्यांची बशी स्टुलावर ठेवली. कोणाकडेही न बघता कपाटापाशी गेली. डावं दार उघडलं. बाबांचे शर्ट एका हाताने बाजूला सारले, दुसरा हात फळीखाली घातला.

खट्.

बाथरूममध्ये लख्ख उजेड.

तिने कपाट लावलं, पदर सारखा केला आणि परत येऊन बशी उचलली.

सावे काकांची खारी चहात बुडून विरघळून गेली. निलेशचे वडील उजेडात उभे, घाई विसरून बायकोकडे बघत राहिले.

"तुला गो कसं म्हाईत?"

"लाईट लागली ना? जावा की आत!"

ते गेले. तिने पोह्यांचा घास घेतला, सावकाश चावला आणि माझ्या आईकडे वळली.

"पोरगी पसंत हाय आमाला. घर बी चांगलं हाय. तारीख लवकरची बगा."